तळमजला घेतलाच आहेस तर

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी जरा जास्तच बोलले, ते सोडून दे. पण चिपळूण, त्यातून बाजारपेठेजवळचा तळमजला! २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी कुठवर चढलं होतं, ते शेजारी विचारून घे. असो. पुराबद्दल लिहायचं नाही असं ठरवलंय, सामानाबद्दलच लिहिते.

घर भाड्याचं, त्यामुळे भिंती-छप्पर मालकाचं. तुमची पॉलिसी निघेल ती आतल्या वस्तूंची. 'भारत गृह रक्षा' ही घरविम्याची पॉलिसी घ्या, पूर तिच्यात धरलेलाच असतो. फक्त विम्याची रक्कम अंदाजाने सांगू नका. आधी यादी, मग आकडा. किंमत लिहायची ती आज तीच वस्तू नवी आणायला पडेल ती.

दारापासून उजवीकडे फिरत प्रत्येक खोलीचा सलग व्हिडिओ काढ, कपाटं आणि खण उघडून. माळा विसरू नकोस, सगळे विसरतात. मग वहीत वस्तू, कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर, खरेदीचं साल, किंमत. फ्रिजचा नंबर बहुधा आतल्या भिंतीवर, टीव्हीचा पाठीमागे. एसीचे दोन नंबर असतात, बाहेरच्या युनिटचा वेगळा. दुकानाची गुळगुळीत कागदावरची बिलं काही महिन्यांत कोरी होतात, त्यांचे फोटो आजच काढ. मला व्हॉट्सॲपवर पाठवशील तर डॉक्युमेंट म्हणून. नाहीतर फोटो बारीक होतो आणि नंबर वाचता येत नाही.

स्टीलची भांडी एकेक मोजत बसू नकोस, ढोबळ नग पुरेत. तांब्यापितळेची मात्र वजनावर लिही. आजीचं घंगाळ तुझ्याकडेच आहे ना? त्यात बसवलं की दोन्ही हातांनी काठ धरून ठेवायचीस, पाणी गार झालं तरी उठायची नाहीस. हट्ट तेव्हाचाच. त्याचंही वजन कर.

दागिने साध्या सामानात येत नाहीत, त्यांचं जादा कव्हर मागून घ्यावं लागतं. प्रत्येकाचा फोटो पट्टीशेजारी ठेवून काढ. एकूण वजन, खडे वजा जाता वजन, कॅरेट, आणि हॉलमार्कजवळचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक. माझ्या पाटल्या जुन्या, त्यांच्यावर तो नसेल. सराफाकडून मूल्यांकन लिहून आण. रोकड आणि कागदपत्रं साध्या पॉलिसीत धरत नाहीत. स्कूटरचा विमा वेगळा.

आणि पाणी आलंच, तर ओसरल्यावर लोक वासाने हैराण होऊन गाद्या, फर्निचर लगेच रस्त्यावर टाकतात. मग नुकसान बघायला येणाऱ्या विम्याच्या सर्व्हेअरला दाखवायला काही उरत नाही. भिंतीवरची पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढायचे, कंपनीला लगेच कळवायचं, तिने सांगितल्याशिवाय काही हलवायचं नाही. भिजलेला फ्रिज चालतो का म्हणून बटण दाबायचं नाही. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, विम्याचा सर्व्हे निराळा. दोन्ही हवेत.

बघ, आले पुन्हा पाण्यावरच. व्याख्यान झालं, राग मानू नकोस. या वयात शाखेचा कारभार तुझ्या हाती, बाबा सोसायटीभर सांगत फिरतात. आणि मी तुला यादी करायला शिकवतेय.

यादीची एक प्रत मला मेल कर. घरातल्या कपाटात ठेवलेली यादी सामानाबरोबरच भिजते.

तुझी,
आई

ता. क. इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर आहे का? असली तर मजबूत फळी मारून वर घे. आणि वरच्या मजल्यावर राहतात त्यांचा फोन नंबर मला पाठव.