फिश ऑइलच्या बाटलीवर खरा आकडा पुढे छापा

संपादक साहेब, नमस्कार.

माझा मुलगा सातवीत आहे, अभ्यासाला बसला की दहा मिनिटात उठतो, क्लासमधल्या एका आईने सांगितलं फिश ऑइल सुरू कर म्हणून मी लगेच बाटली घेऊन आले. पुढे ठळक १००० मिग्रॅ, आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात ईपीए १८०, डीएचए १२० (ही माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ चरबीच्या दोन प्रकारांची नावं), म्हणजे कामाचं ओमेगा-३ फक्त ३००! हे पुढे नको का छापायला? मुलांच्या लक्षावर याचा परिणाम झालाच तर थोडाच होतो, एडीएचडीच्या (लक्ष न टिकण्याच्या, अतिचंचलतेच्या त्रासाच्या) औषधाची जागा ते घेत नाही, आणि मूडसाठी जो काही फायदा दिसलाय तो जास्त ईपीएवाल्या गोळ्यांचा, तेही आमच्या डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं. त्यांनी आधी रक्त तपासायला लावलं तर हिमोग्लोबिन आणि बी१२ दोन्ही कमी, आणि मी बसले होते कॅप्सूल मोजत, फार वाईट वाटलं हो.

बांगडा, तारलीत हेच ओमेगा-३ असतं. जवसाची चटणी चांगलीच, पण त्यातलं ओमेगा-३ वेगळं, त्याचं शरीरात ईपीए फार कमी बनतं. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय फिश ऑइल घेऊच नका. तुमच्या आरोग्य पुरवणीत लेबल कसं वाचायचं ते एकदा सविस्तर छापा, प्लीज.

– एक आई, डोंबिवली