पुलाला फट का असते, हे दूरचित्रवाणीने सांगावे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका वाहिनीवरचा मोठ्या पुलाविषयीचा माहितीपट शेजाऱ्यांसोबत पाहिला. ड्रोनने टिपलेली दृश्ये, नगाऱ्यांचे संगीत आणि किती टन पोलाद लागले याची उजळणी, एवढ्यात तासभर गेला. तो संपल्यावर बँकेतून निवृत्त झालेल्या माझ्या शेजाऱ्यांनी विचारले, "आपल्या वर्धा रोडच्या पुलाले मधामधात फटी काहून ठेवल्या? काम अर्धं रायलं का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो अशा या ३.१४ किलोमीटरच्या रचनेची २०२२ मध्ये गिनेस बुकात नोंद झाली, हे नागपुरात बहुतेकांना ठाऊक आहे. पण गाडी ज्या सांध्यावरून खाडकन जाते तो सांधा कशासाठी, हे कोणी सांगितलेले नाही. काँक्रीटचा तीस मीटरचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा भाग, चाळीस अंशांनी तापला, तर तो साधारण बारा ते चौदा मिलिमीटर लांबतो. जिथे थंडीतली पहाट दहा अंशांखाली उतरते आणि मे महिन्यातली दुपार पंचेचाळीसच्या पुढे जाते, त्या आमच्या शहरात पुलाला ही जागा दिली नाही, तर तो ती स्वतःच, म्हणजे तडे पाडून, करून घेईल. गाळ्याखाली रबर आणि पोलादी पत्र्यांचे थर असलेली बेअरिंगही त्यासाठीच असते. मग रेल्वेचे रूळ मैलोन्‌मैल जोडून कसे टाकतात, असा पुढचा प्रश्न शेजाऱ्यांनी केला, तेव्हा मला खरा आनंद झाला. मोकळा सोडलेला एक किलोमीटरचा रूळ तेवढ्याच तापमान-फरकाने जवळपास अर्धा मीटर वाढेल. रुळाखालचे आडवे स्लीपर आणि खडी त्याला घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे तो लांबण्याऐवजी आतल्या आत ताण सोसतो. म्हणूनच ती धरून ठेवणारी खडी उन्हाळ्यात जागची हलू नये, याची काळजी घ्यावी लागते. प्रवासातली जुनी खडखड कमी झाली ती या जोडलेल्या रुळांमुळे.

अभियांत्रिकीचे माहितीपट सामान्य प्रेक्षकाला रुचत नाहीत, असे वाहिन्यांचे म्हणणे असते. मला वाटते, त्यांना आकाराचे वेड आहे आणि प्रश्नाचे वावडे. शिवाय असे बरेच चित्रपट बांधणाऱ्यांच्याच प्रसिद्धीसाठी केलेले असल्याने त्यांत काहीही चुकत नाही, आणि जिथे काहीच चुकत नाही तिथे पाहण्यासारखे काय उरते? अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल उद्‌घाटनानंतर चार महिन्यांतच, ७ नोव्हेंबर १९४० रोजी, वाऱ्याने पिळवटून कोसळला. त्याचे तेव्हा घेतलेले मूक चित्रण आजही वर्गावर्गांत डोळे न मिटता पाहिले जाते, कारण जाणत्यांचा अंदाज कुठे चुकला ते त्यात दिसते. यशाचे उदाहरणही अडचणीपासून सुरू केले, तर तितकेच रंगते. आपल्या शहरातील राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेला ज्यांचे नाव दिले आहे, त्या विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला १९०३ मध्ये पाण्याची पातळी ठरावीक मर्यादेपुढे गेली की आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. माणसाचा हात न लागता ते कसे उघडत, हे पाहायला मी टीव्हीसमोरून हललो नसतो.

नव्वदच्या दशकात दूरदर्शनच्या 'टर्निंग पॉइंट' कार्यक्रमात भौतिकशास्त्रज्ञ प्रा. यशपाल प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देत आणि तो आवडीने पाहिला जाई. मराठीत तसे काही करण्यास नागपूर दूरदर्शन केंद्राला व खासगी वाहिन्यांना ड्रोनही लागणार नाही. अर्ध्या तासाला एकच प्रश्न घ्यावा आणि उत्तर देताना प्राध्यापकांसोबत वेल्डर, फिटर आणि रुळांची देखभाल करणारा कर्मचारीही बोलावा. त्यांची भाषा पाठ्यपुस्तकी मराठीपेक्षा कितीतरी नेमकी असते, हे मी नोकरीत पस्तीस वर्षे ऐकले आहे.

माझ्या शेजाऱ्यांनी आता पुढचा प्रश्न काढला आहे: मे महिन्यात गारवा देणारा कूलर जुलैत नुसता चिकचिकाट का करतो? उत्तर हवेतल्या दमटपणात आहे. पाणी उडून जाईल तरच ते हवेतली उष्णता ओढून घेईल. पहिला भाग यावरच करता येईल. चित्रीकरणासाठी माझी गच्ची आणि वीस वर्षांचा जुना कूलर, दोन्ही उपलब्ध आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अभियंता, नागपूर