खळ्यात बैल किती होते?

ठाणे,
रविवार, रात्र

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबांना फोनवर हल्ली नीट ऐकू येत नाही, आणि मला विचारायचंय ते त्यांनाच. म्हणून पत्र. आई, तू वाचून दाखव, पण मध्ये मध्ये हसू नकोस.

मी वारली चित्रं शिकतोय हे तुला सांगितलं, तर तू म्हणालीस, "चाळिशी उलटल्यावर रांगोळ्या काढायला लागलास होय?" तुझं अगदीच चुकलं नाही. हे मुळात बायकांचंच काम. वारल्यांच्या घरी लग्न निघालं की भिंतीवर चौक लिहायचा तो सवाशिणींनी. (ते चित्र 'काढत' नाहीत, 'लिहितात'.) पुढे डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी लग्नाकार्याची वाट न बघता रोज चित्रं काढायला घेतली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. तेव्हा पुरुषाने हे करण्यात काही वावगं नाही, एवढं शेजारच्या काकूंनाही सांग.

दर रविवारी घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये डहाणूकडच्या एक वारली ताई शिकवायला येतात. बाबा, तुम्ही अजून डहाणू ठाणे जिल्ह्यातच धरता, पण २०१४ पासून ते पालघरात गेलंय.

सामान म्हणाल तर आपल्या स्वयंपाकघरातलंच. तांदळाचं पीठ, पाणी, थोडा डिंक. मी डिंक कमी घातला, तर वाळल्यावर अख्खी नाचणारी रांग पापुद्रे होऊन खाली आली. ब्रश म्हणजे बांबूची काडी, टोक चावून चावून कुंचल्यासारखं करायचं. मी उत्साहाने चावली आणि गेल्या वर्षी बसवलेली दाढेची कॅप हलली. आता बत्त्याने ठेचतो. खाली गेरू. खरं तर आधी शेणाने सारवायला हवं, पण मी कापडावर भागवतो. इथे गोवऱ्यासुद्धा ऑनलाइन मिळतात, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. आई, तू उगाच फुकट थापत बसलीस इतकी वर्षं.

माणूस सोपा आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर गोल डोकं, काड्यांचे हातपाय. बैल अवघड. माझ्या पहिल्या बैलाला ताईंनी शेळी ठरवलं.

गेल्या रविवारी त्या म्हणाल्या, आता आपापलं गाव काढा. मी आपला विहिरीपासून लिंबापर्यंतचा तुकडा घेतला. दारात आई, आणि पार लांब, मोटेवर बाबा, अंगठ्याच्या नखाएवढे. ताईंनी विचारलं, "हा पोरगा कोण?" म्हटलं, वडील आहेत, लांब आहेत म्हणून लहान. त्या म्हणाल्या, "लांब गेला म्हणून माणूस लहान होतो का?" ओल्या फडक्याने बाबांना पुसलं आणि आईएवढंच काढायला लावलं. आता मोट, बाबा, आई, लिंबावरचे कावळे, सगळं एकाच वेळी समोर दिसतं, पत्र्यावर चढून बघितल्यासारखं.

अडलंय ते खळ्याशी. तारपा म्हणजे त्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य; त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर ताईंनी शिकवला, आणि मला एकदम बाजरीची मळणी आठवली. मधे तिवड्याचा खांब, त्याला बांधलेली बैलांची पात गोल गोल फिरतेय, तोंडाला मुसकी, मागून मी चिपाड घेऊन. आई तिवईवर उभी, हातात पाटी, वाऱ्याची वाट बघत. एवढं डोळ्यापुढे आहे. पण काडी हातात घेतली आणि हात थांबला. बैल चार होते की पाच? आपले दोन आणि आबांकडून आणलेले किती? फिरायचे उजवीकडून की डावीकडून? इतकी वर्षं त्यांच्या मागे फिरलो आणि एवढं सांगता येईना! शेवटी ताईंना म्हटलं, गावाला विचारून सांगतो.

तर बाबा, एवढं कळवा. आणि तिवड्याला लागून आतल्या अंगाला कोण असायचा, हरण्या की पाखऱ्या? म्हाताऱ्याला आत बांधतात, चालावं कमी लागतं, असं तुम्ही म्हणायचात. पण तेव्हा दोघांत म्हातारा कोण होता, तेच आठवत नाही.

आई, उत्तर तू लिही, बाबांचं अक्षर मला लागत नाही. बीपीच्या गोळ्या कुरियरने पाठवल्यात.

तुमचा,
संदीप