धर्म बदलला, जात राहिली

अरुंधती रॉय यांच्या ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’ या कादंबरीवरील लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. नियतीने उद्ध्वस्त केलेल्या कुटुंबाची प्रेमकथा, असे तिचे वर्णन लेखात आहे. ते मुळीच पटले नाही. १९९७ मध्ये बुकर मिळालेल्या या कादंबरीत घर मोडते ते जातीपायी, आणि तेही केरळातल्या जुन्या, प्रतिष्ठित सिरियन ख्रिस्ती समाजातले घर!

वेलुथा हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या परवन जातीचा सुतार. त्याच्या आजोबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तर वाट्याला आले वेगळे चर्च आणि वेगळे पाद्री. लहानपणी वेलुथा त्या सिरियन ख्रिस्ती घरातल्या अम्मूसाठी इवल्या होड्या, पवनचक्क्या करून आणायचा आणि तळहातावर ठेवून पुढे धरायचा. उचलताना तिला त्याचा स्पर्श होऊ नये म्हणून. तिथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. पुढे अम्मूवरच्या प्रेमापायी पोलिसांच्या मारहाणीत तो मरतो, त्याची सुरुवात त्या तळहातापाशीच झालेली असते.

शिवाय हा प्रश्न कादंबरीपुरता नाही. अनुसूचित जातींची यादी १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने धर्माशी जोडली. आपल्याकडे १९५६ मध्ये बौद्ध झालेल्यांना तिच्यात स्थान मिळायला १९९० साल उजाडले. दलित ख्रिस्ती अजूनही बाहेरच आहेत. धर्मांतरितांना सवलती नाकारल्या गेल्याचे कादंबरीतही स्पष्ट लिहिले आहे. लेखात मात्र त्यावर एक ओळही नाही.

– एक वाचक, सांगली