बेसीच्या दगडासाठी, ग्रीनबाई, तुमचे आभार

आदरणीय हुआनिता ग्रीनबाई,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी फिलाडेल्फियाजवळच्या शॅरन हिलच्या माउंट लॉन दफनभूमीत मला ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची सुखदुःखाची गाणी, गाणाऱ्या बेसी स्मिथची कबर सापडली, ती तुमच्यामुळे. तुम्ही दगड बसवला नसता तर मी तिच्या अंगावरून चालत गेले असते आणि मला कळलंही नसतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आमच्या घरात शिरलं. आईबाबा शेजाऱ्यांच्या गच्चीवर, मी इथे फिलाडेल्फियात फोन हातात धरून. त्या रात्री बेसीचं ‘बॅकवॉटर ब्लूज’ पहिल्यांदा ऐकलं. १९२७ चं गाणं, साथीला फक्त जेम्स पी. जॉन्सनचा पियानो. पुरात सापडलेली बाई टेकडीवर चढते आणि खाली आपल्याच घराकडे बघत राहते. बेसी कुठेही गळा काढत नाही, झालं ते सांगते. मी मात्र पोटभर रडले आणि मग कुठे डोळा लागला.

मग तिच्याविषयी मिळेल ते वाचत सुटले. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या चॅटानूगाची आईबापाविना वाढलेली पोर, भावाच्या गिटारवर रस्त्यात गाणारी. १९२३ मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली, ती लाखोंनी खपली. १९३७ मध्ये मिसिसिपीत मोटार अपघातात गेली. अंत्यदर्शनाला हजारो लोटले आणि कबरीवर ३३ वर्षं साधं नाव नाही!

तिथेच तुम्ही भेटलात. लहानपणी एका स्पर्धेत तुम्ही गायलात, तेव्हा बेसीने विचारलं, शाळेत जातेस ना? मग शाळाच धर, तुला सूर नाही. शनिवारी तुम्ही तिच्या स्वयंपाकघराची फरशी घासायचात. ती फरशी आणि तुमचे ते छोटे हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. पुढे तुम्ही शिकलात, नर्स झालात. १९७० मध्ये दगडाचा अर्धा खर्च रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनने दिला, अर्धा तुम्ही. जॅनिसचं नाव सगळे घेतात, घ्यावंच. बेसीचं ऋण तिने कधी लपवलं नाही. पण तुमचं नाव मागे राहतं, ते मला फार लागतं.

जगातली सर्वांत थोर ब्लूज गायिका गायची कधीच थांबणार नाही, असं दगडावर कोरलंय. अक्षरांत माती बसली होती, ती ओल्या रुमालाने काढली. शेवंती नेली होती. त्यातली दोन फुलं तुमच्या नावाने ठेवली.

तुमची ऋणी,
सांगलीची एक लेक