दुकान आधी, नगरपालिका नंतर

महोदय,
उपनगरांवरच्या आपल्या पुरवणीत कॅलिफोर्नियातलं लेकवूड कसं सुटलं? लॉस एंजेलिसजवळच्या शेतजमिनीवर १९५० पासून तीनेक वर्षांत तिथे साडेसतरा हजार घरं उभी राहिली. घेणारे बरेचसे युद्धावरून परतलेले सैनिक आणि विमान कारखान्यातले कामगार. मधोमध मे कंपनीचं भलंमोठं दुकान, भोवती गाड्या लावायला अफाट मोकळी जागा. नगरपालिका आली १९५४ मध्ये, तीही शेजारच्या लाँग बीचमध्ये विलीन व्हायचं नाही म्हणून! पोलिसांपासून बऱ्याच सेवा तिने कौंटीकडून, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाकडून, कंत्राटावर घेतल्या. पुढे अनेक गावांनी हाच कित्ता गिरवला. आणि हेही छापा : ही घरं सुरुवातीला जवळजवळ फक्त गोऱ्यांनाच विकली गेली.

– एक वाचक, आर्टेशिया, कॅलिफोर्निया