धुळीआडचा उजेड

प्रिय मित्रा,

२०१५ मध्ये सर्वांत तेजस्वी ठरलेली दीर्घिका कशी दिसते, असं तू विचारलं होतंस. आठवडाभर त्याच प्रश्नात आहे. खरं सांगायचं तर साध्या प्रकाशात ती जवळपास दिसतच नाही.

तिचं नाव डब्ल्यू२२४६-०५२६. २००९ च्या डिसेंबरात अवकाशात गेलेल्या ‘वाइज’ या अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उष्णतेचा प्रकाश टिपणाऱ्या दुर्बिणीनं ती टिपली. वाइजचा आरसा जेमतेम ४० सेंटिमीटरचा. ती चार तरंगलांबींवर आकाश बघायची. काही ठिपके पहिल्या दोन तरंगलांबींवर जवळजवळ गायब, आणि पुढच्या दोन लांब तरंगलांबींवर लखलखीत! शास्त्रज्ञांनी नेमके तेच वेचले. अख्ख्या आकाशात असे हजारेकच. न दिसणं हीच ज्याची खूण, ते शोधून काढणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं.

या ठिपक्यांच्या पोटात महाकाय कृष्णविवर असतं. आत ओढला जाणारा वायू चकतीसारखा फिरतो, घर्षणानं भयंकर तापतो आणि अतिनील व क्ष-किरण ओकतो. भोवतालची धूळ ते गिळते, स्वतः तापते आणि ती ऊर्जा अवरक्तात सोडते. धूळ तर नवे तारेही तापवतात, पण तेवढ्यानं ती साधारण ३०-४० केल्विनपर्यंतच (म्हणजे उणे २४० अंश सेल्सिअसच्या आसपास) जाते. इथली बरीच धूळ ६० च्या वर, आणि केंद्राजवळची कित्येक शे केल्विन. हे काम ताऱ्यांचं नव्हे.

२०१५ मध्ये तिचं तेज जाहीर झालं: साडेतीनशे लाख कोटी सूर्यांइतकं! हा प्रकाश निघाला तेव्हा विश्व जेमतेम सव्वा अब्ज वर्षांचं होतं, आणि तिच्या कृष्णविवराचं वस्तुमान तेव्हाच सुमारे ४ अब्ज सूर्यांएवढं. इतक्या लवकर इतकं कसं वाढलं? प्रकाशाचाच दाब येणाऱ्या वायूला मागे ढकलतो, म्हणून खाण्याला मर्यादा असते. मग एकतर ते जन्मतःच मोठं असणार, नाहीतर मर्यादा मोडून खात असणार. मला दुसरं जास्त पटतं, कारण २०१८ मध्ये चिलीतल्या ‘अल्मा’ दुर्बिणींना दिसलं, की ती शेजारच्या तीन लहान दीर्घिकांमधून वायू आणि धूळ ओढून घेतेय.

त्याआधी अल्मानंच दाखवलं होतं, की तिच्यातला वायू सगळीकडे खवळलेला आहे. हे तेज एक दिवस धुळीचा पडदा उधळून लावेल आणि आतला क्वेसार, म्हणजे वायू गिळणाऱ्या कृष्णविवराभोवतीचा तो लखलखता गाभा, उघडा पडेल, असं मानतात. आपण बघतोय तो प्रकाश १२ अब्ज वर्षांहून जुना, म्हणजे कदाचित पडदा केव्हाच उडालाय, आणि ते दृश्य अजून वाटेत आहे.

तुला काय वाटतं, सविस्तर लिही.

तुझाच,
मित्र